चार दारांची पॅनेल

सोमवार, ४ नोव्हेंबर

हर्षल सकाळी पुण्याला गेला. काल भाऊबीजेला जेवता जेवता म्हणाला, ताई, नानांकडून गाडीची किल्ली काढून घे. जसं काही फराळाचा डबाच मागायचाय! स्वतः वडिलांसमोर अवाक्षर काढलं नाही. ओवाळणी टाकली, सल्ला दिला, निघाला.

गेल्या महिन्यात नानांनी गाडी सोसायटीच्या खांबाला घासली. त्याआधी कॉलेज रोडवर बाजूने आलेली स्कूटी त्यांना दिसलीच नाही. मी शेजारी होते, ओरडले, म्हणून ती पोरगी वाचली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय — काचबिंदू आहे, नस सुकत चाललीय, गाडी चालवणं बंद. नानांच्या मते डॉक्टर कालचं पोर आहे. आणि खांब चुकीच्या जागी बांधलाय.

आज सोमवार, म्हणून नाना त्यांच्या जुन्या मित्राला, भिमाजीकाकांना घेऊन त्र्यंबकला गेले. आई गेल्यापासून एक सोमवार चुकवलेला नाही. परत येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दुपारी दोनला हॉर्न ऐकला तेव्हा कुठे पाणी प्यायले.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

बोलले शेवटी. चहाच्या वेळी, शांतपणे, पाठ करून ठेवलेलं बोलले. नाना, आता गाडी नको. तुम्हाला बाजूचं दिसत नाही.

कप खाली ठेवला त्यांनी. तीस वर्षं सातपूरला कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये गाड्यांच्या रंगाची तपासणी केली, म्हणाले, माझ्या हाताखालून डागी माल कधी बाहेर पडला नाय, आणि तू मला नजर शिकवती? मग एकदम गाडीच्या आतल्या प्लास्टिकवर घसरले. दारांची पॅनेल उन्हाने पांढुरकी पडलीत, चिकट झालीत, आईच्या बांगड्यांचे ओरखडे आहेत. ते रंगवायचं कधीचं डोक्यात होतंच त्यांच्या.

"तू रंग मार. मी तपासतो. एक जरी खोट माझ्या नजरेतून सुटली, तर किल्ली तुझी. नाय सुटली, तर पुन्यांदा हा विषय काढायचा नाय."

देवासमोर शब्द द्यायला लावला. काम संपेपर्यंत किल्ली माझ्याकडे. मी हो म्हणाले. निदान तेवढे दिवस तरी गाडी जागेवर राहील.

बुधवार, ६ नोव्हेंबर

चारही दारांची आतली पॅनेल काढली. म्हणजे नानांनी सांगितलं, मी काढली. तीन क्लिपा मोडल्या. प्रत्येक क्लिपेला एक उसासा — त्यांचा.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

सातपूरला योगेशच्या दुकानात गेले. नाना नोकरीत होते तेव्हापासूनचं ते दुकान, तेव्हा त्याचे वडील बसायचे. प्लास्टिकचा प्रायमर घेतला, पॉलिश पेपर, मास्किंग टेप, आणि स्प्रेचे डबे — वरच्या भागाला बदामी, खालच्या खिशांना राखाडी. योगेशने विचारलं, ताई, रंगारी कोण? मी म्हटलं, मीच. तो हसला नाही, हे त्याचं सौजन्य.

रजा रविवारपर्यंत आहे. कामावर, लायब्ररीत, हे कोणाला सांगायची सोय नाही.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

दिवसभर घासणं. हाताची सालं निघाली. नाना पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसलेले. "वर्तुळात नको, एका दिशेनं." "दाबू नको." "पेपर वला कर." मला वाटलं होतं निवृत्तीनंतर माणूस मऊ होतो.

शनिवार, ९ नोव्हेंबर

पहिला हात मारला आणि रंगाने अंग चोरलं! जागोजागी गोल गोल खड्डे, मध्ये उघडं प्लास्टिक. देवी आल्यासारखं दिसत होतं.

नानांनी बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. मग खाली बघत म्हणाले, तेल हाय. कुठलं तेल? खोबरेल. बारा वर्षं दर रविवारी नानांनी या प्लास्टिकला खोबरेल तेल चोळलं, चकाकी राहावी म्हणून. कारखान्यात कोणाच्या डोक्याचं तेल बॉडीला लागलं तर त्याची हजेरी घेणारा हा माणूस!

मला हसू आवरेना. तेही हसले. आई असती तर आठवडाभर चिडवलं असतं तिने.

मग सगळं साबणाने धुतलं, पुसलं, पुन्हा धुतलं. म्हणजे पहिल्यापासून.

रविवार, १० नोव्हेंबर

पुन्हा प्रायमर. कंबर गेली.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

कामावरून आले की अर्धा तास पडते, मग पार्किंग. पुढचं उजवं पॅनेल आज नानांनी दुसऱ्यांदा परत केलं. ओघळ आलाय म्हणे. मला दिसतच नव्हता. त्यांनी माझं बोट धरून तिथे टेकवलं — खरंच, खालच्या कडेला पुसटसा उंचवटा.

त्यांची तपासायची एक पद्धत आहे. पॅनेल मांडीवर घेतात, सुती हातमोजा घालतात, आणि वरून खाली सावकाश हात फिरवतात. डोळे मिटून. मी विचारलं तर म्हणाले, शॉपमधी असंच बघायचे, डोळा फसतो, हात फसत नाय. मी कधी कारखान्यात गेले नाही, मला काय माहीत.

काल सोमवार होता. गाडी उघडी पडलेली, त्र्यंबक चुकलं. भिमाजीकाका बसने गेले. मी कामावरून आले तेव्हा नाना त्या उघड्या गाडीतच बसलेले होते. माझ्यावर राग नाही, पण मला अपराधी वाटलं. आईच्या आजारपणातही त्यांनीच गाडी चालवली, रात्री-अपरात्री, एकदाही कुरकुर न करता. त्यांच्याकडून मी काय काढून घेतेय, हे हर्षलला कळतं का?

बुधवार, १३ नोव्हेंबर

पुढचं उजवं पास! नानांनी खडूने मागच्या बाजूला बरोबरची खूण केली. माझ्या दहावीच्या निकालाला एवढं खूश झाले नव्हते.

मागचं डावं मात्र नापास. रंगाखाली एक केस अडकला होता. केस! मला चष्मा लावून दिसला नाही. त्यांच्या बोटाला लागला. मी तिथेच जमिनीवर बसले. म्हटलं, नाना, माझ्याच्याने होत नाही. ते म्हणाले, चहा घे, मग घास. आणि स्वतः उठून चहा करायला गेले. साखर विसरले, पण केला.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

हर्षलचा फोन. किल्ली मिळाली का? म्हटलं, माझ्याकडेच आहे, पण परत द्यावी लागेल असं दिसतंय. आठ दिवसांत नानांच्या हातून एक खोट सुटलेली नाही. तो म्हणाला, अगं, ही काय पैज आहे? मी म्हटलं, हो, पैजच आहे, तुला यायचं तर ये तपासायला. फोन ठेवला.

खरं सांगायचं तर मीच डळमळलेय. केस दिसतो त्यांना, स्कूटी दिसत नाही? डॉक्टरही माणूसच आहे. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावं. कदाचित मीच घाबरट. आणि मी थकलेय. भांडायला, घासायला, काळजी करायला — सगळ्यालाच.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

मागची दोन्ही पास. आता फक्त पुढचं डावं. संध्याकाळी उशिरा मारलं, पार्किंगच्या त्या पिवळ्या दिव्याखाली, नाकाला मास्क, चष्म्यावर वाफ. हात बसलाय आता. डबा एकसारखा फिरतो, थर पातळ पडतो. नाना असते तर शाबासकी मिळाली असती, पण ते झोपले होते.

शनिवार, १६ नोव्हेंबर

काय बावळट आहे मी!

सकाळी दूध घ्यायला खाली गेले तर उजेडात दिसलं. पुढचं डावं राखाडी झालंय. वरपासून खालपर्यंत अख्खं राखाडी! परवा डबे आवरताना मीच झाकणांची अदलाबदल केली असणार. बदामी झाकण बघून डबा उचलला आणि मारत सुटले. सोसायटीतलं शेंबडं पोरही सांगेल की गाडीची तीन दारं एका रंगाची आहेत आणि चौथं भलत्याच.

पुन्हा घासायची ताकद नाही. नाना आज भिमाजीकाकांकडे आहेत. उद्या दाखवेन तसंच. ओरडतील, "आंधळी हाय का तू" म्हणतील, बारा वर्षांच्या तेलाचा वचपा काढतील. काढू देत. ते जिंकले, मी हरले, गाडी त्यांची. मला फक्त झोपायचंय.

रविवार, १७ नोव्हेंबर

सकाळी अकरा वाजता, भर उन्हात, दोन्ही पुढची पॅनेल त्यांच्यापुढे शेजारी शेजारी ठेवली. एक बदामी, एक राखाडी. नानांनी मोजा चढवला. हात फिरवला, कडेपर्यंत, दोनदा, मग डोळे उघडून दोन्हींकडे पाहिलं. मी ओरड्याची वाट बघत उभी.

"पास," ते म्हणाले. "चारी दारं एकसारखी झाली. कंपनीतून आली म्हणंल कोणी." खडूची खूण केली आणि तळहात पुढे केला. उद्या सोमवार हाय, किल्ली दे.

पैज मी जिंकलेय. नाना हात पसरून हसताहेत, आणि हे त्यांना आता मीच सांगायला हवं.