घरी राहिलेले मटार

प्रिय ढोल्या,

सकाळपासून कानात एकच आवाज वाजतोय. आपले कवितेचे मास्तर टेबलावर अंगठीने ठेका धरायचे ना, तो. टक टकटक, टक टकटक. कुणाचं वृत्त चुकलं की अंगठी थांबायची, आणि ती शांतता छडीपेक्षा जोरात लागायची. साठ वर्षं झाली, मास्तर गेले, अंगठी कुणाच्या बोटात गेली देव जाणे, पण मी आजही कांदा चिरताना त्याच ठेक्यात चिरतो. पाठांतराच्या स्पर्धेत मी तिसऱ्या कडव्यावर अडकलो होतो, आठवतं? समोर सगळी शाळा, माझ्या जिभेला कुलूप. आणि पडद्यामागून तू पुढची ओळ फुंकलीस. ती पकडून मी सुटलो तो थेट शेवटापर्यंत. बक्षिसाचं पेन घेऊन खाली आलो तर तू म्हणालास, "पेन तुझं, पण निब माझी." तेव्हा तू खरंच ढोल्या होतास, पडद्यामागेही मावत नव्हतास. आता पार काडी झालास, तरी मी नाव बदललं नाही. जुन्या कवितेत शब्द बदलायचे नसतात.

माझं बरं चाललंय. गुडघा जिन्याच्या अकराव्या पायरीवर कुरकुरतो, दहावीवर नाही. त्याचं गणित त्यालाच ठाऊक. नळ गळतो, प्लंबर "उद्या नक्की" म्हणतो. स्वयंपाकघराच्या खिडकीत दुपारी ऊन येतं, तिथे बसून हे लिहितोय. ही असती तर म्हणाली असती, "दोन गल्ल्या सोडून तर राहतो तो, जाऊन सांगा की तोंडाने. पत्रं कसली लिहिताय?" पण तोंडाने सांगायला गेलो तर तू मला खुर्ची देशील, पाणी देशील, "बस रे आधी" म्हणशील, आणि मी बसेन. तुझ्यासमोर बसलो की मी रागावू शकत नाही, हा माझा जुना आजार. म्हणून कागद.

ही गेली तेव्हा मला चहासुद्धा धड येत नव्हता. तीन महिने पाव आणि केळ्यांवर काढले. एके दिवशी तू आलास, माझा फ्रिज उघडलास, आत एक लिंबू आणि डोळ्यांत घालायचे थेंब बघितलेस आणि म्हणालास, "ढापण, शनिवारी माझ्याकडे यायचं. रिकाम्या हाताने नाही." चाळीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये दीडदीडशे माणसांचं शिजवलेला तू, तुझ्या टेबलावर जायचं म्हणजे परीक्षाच. पण शिंपीणबाई, रंगारी धरून तुम्ही पाचजण आपापलं पातेलं घेऊन जमायचात, तिथला नियम ऐकला आणि जीव भांड्यात पडला. त्या आठवड्यात बाजारात जे ताजं, स्वस्त आणि ढिगाने असेल तेच शिजवायचं. आणि झाकण उघडायच्या आधी उभं राहून हजेरी द्यायची: भाजी कोणती, कुणाकडून घेतली, तिचं काय केलं, आणि काय चुकलं. चूक सांगितल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. शिंपीणबाई पहिल्याच दिवशी ठणकावून म्हणाल्या होत्या, "भोपळा मऊ व्हायच्या आधी मला झोप लागली, म्हणून त्याचा लगदा झालाय. ज्याला दात आहेत त्याने खाऊ नये." काय हसलो होतो आपण! हिच्या जाण्यानंतरचं ते माझं पहिलं हसू.

शिकलो मी. तुला ठाऊक आहे किती जीव लावून शिकलो. त्र्याहत्तराव्या वर्षी मला कळलं की पालक धुतल्यावर निम्मा होतो आणि शिजल्यावर निम्म्याचा निम्मा. उन्हाळ्यातला टोमॅटो आणि थंडीतला टोमॅटो हे सख्खे भाऊ नाहीत, लांबचे चुलत आहेत. भाजीवालीला मी आधी पिशवी पुढे करून "काहीही द्या" म्हणायचो, नंतर शेंगा कानाशी नेऊन वाजवून घ्यायला लागलो. ती म्हणायची, "बाबा, शेंगा आहेत, घड्याळ नाही." शुक्रवारी संध्याकाळी तुला फोन करायचो, उद्या काय, कसं, किती, सगळं सांगायचो, तू हं हं करत ऐकायचास. आणि हजेरीच्या वेळी मी दोन ओळी जुळवून म्हणायचो. रंगारी टेबलावर बोटांनी ताल धरायचा. फार वाईट ओळी असायच्या, पण तुम्ही टाळ्या वाजवायचात. टाळ्यांचं मला वाईट वाटत नाही. ओळी निदान माझ्या होत्या.

आता मागच्या शनिवारचं. मटार-बटाटा केला होता. सकाळी दोन तास बसून मटार सोलले, थोडे खाल्ले, बाकीचे वाडग्यात घालून या खिडकीत ठेवले आणि वर वर्तमानपत्र झाकलं. बटाटे, कांदा, पुदिना, सगळं पातेल्यात. झाकण लावून फडकं बांधून निघालो. तुझ्या दारात नेहमीसारखं तू पातेलं माझ्या हातातून घेतलंस, "जरा गरम करतो" म्हणून आत गेलास. मी उभा राहून हजेरी दिली. चूक म्हणून सांगितलं की पुदिना जरा जास्त पडला असेल. शिंपीणबाई म्हणाल्या, "काका, मटार काय सुरेख शिजलेत! दाणा न दाणा वेगळा." रंगाऱ्याने दोनदा घेतलं. मीही खाल्लं, आणि मनातल्या मनात हिला म्हटलं, बघ, जमायला लागलं तुझ्या नवऱ्याला. घरी आलो. सकाळचं वर्तमानपत्र वाचायचं राहिलं होतं म्हणून उचललं. खाली वाडगा. वाडग्यात सगळे मटार. एकही दाणा पातेल्यात गेला नव्हता.

ढोल्या, मी त्या वाडग्याकडे किती वेळ बघत होतो ते सांगता येणार नाही. पहिल्यांदा वाटलं, माझं डोकं गेलं. मग वाटलं, दोनदा सोलले असतील. सालांची पिशवी उघडून बघितली, एका वाडग्याचीच होती. माणूस स्वतःवर संशय घ्यायला किती तयार असतो बघ, मित्रावर घ्यायच्या आधी.

मंगळवारी रंगारी आमच्या जिन्याचे कठडे रंगवायला आला होता. मी त्याच्यापुढे वाडगा धरला आणि म्हटलं, हे मटार कालपरवा तू माझ्या पातेल्यातून खाल्लेस, तर इथे कसे? तो खोटं बोलू शकत नाही बिचारा, त्याचा ब्रशच थांबला. म्हणाला, "काका, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..." मी विचारलं, कधीपासून? तो जमिनीकडे बघत म्हणाला, "गाजरांपासून." मी म्हटलं, या गाजरांपासून? "नाही काका. मागच्या."

मागच्या गाजरांपासून! म्हणजे मागचे मटार, नंतरचा कोबी, उन्हाळ्यातला दुधी, तो मका ज्याच्यावर मी आठ ओळी केल्या होत्या, भोपळा, वांगी, सगळं तुझं. मी शुक्रवारी फोनवर जे सांगायचो ते तू शनिवारी दुपारी शिजवायचास आणि आतल्या खोलीत माझ्या पातेल्यात भरायचास. माझं कुठे जायचं तेही विचारलं. तुझ्या अंगणातल्या खताच्या पिंपात. त्या पिंपाची मीच एकदा तारीफ केली होती, "काय काळंभोर खत झालंय रे!" तू मान हलवलीस. मान हलवताना तुला काहीच वाटलं नाही?

रंगाऱ्याने बाकीचंही सांगितलं. मागच्या थंडीत मी त्या तापातून उठलो, तेव्हापासून मला वासच येत नाही. तुम्हा पाचही जणांना ठाऊक होतं, मला सोडून. मी करपलेलं आणायचो, मूठमूठ मीठ घातलेलं आणायचो, आणि हजेरीत एक किरकोळ चूक सांगून छाती काढून म्हणायचो की बाकी काही म्हणजे काही चुकलं नाही. मला वाटत होतं हल्लीच्या भाज्यांनाच चव राहिली नाही. त्या भाजीवालीशी मी भर बाजारात भांडलो की तू पाणी मारून मारून भाज्यांचा जीव काढतेस. परवा जाऊन तिची माफी मागितली. ती म्हणाली, "राहू द्या बाबा, आमच्या घरीही एक म्हातारा आहे." तिने ते मायेनेच म्हटलं, पण लागलं.

तू म्हणशील, अरे, मी तुझ्या भल्यासाठी केलं. तू एकटा, रडवेला, शनिवारच्या आशेवर जगणारा. तुझं पातेलं सगळ्यांसमोर बाजूला सारायचं होतं का? ढोल्या, मी पंचेचाळीस वर्षं चष्म्याच्या दुकानात बसलो. समोरच्या पाटीवरची अक्षरं पाठ करून येणारे कितीतरी बघितले. दिसत नाही हे कबूल करायची लाज वाटायची त्यांना. धडाधड म्हणून दाखवायचे. मी हळूच पाटी बदलायचो. चेहरे पडायचे, एका बाईच्या तर डोळ्यांत पाणी आलं. पण "वा, उत्तम दिसतंय तुम्हाला" म्हणून मी एकालाही त्या रहदारीत परत पाठवलं नाही. तू मला चौदा महिने पाठवलंस. नुसतं पाठवलं नाहीस, रस्त्यात टाळ्या वाजवायला माणसं उभी केलीस.

पडद्यामागून ओळ दिलीस तेव्हा ती म्हटली माझ्या तोंडाने, ऐकू आली ती मलाही. उपकार होते ते. हे तसं नाही. इथे तू पडद्यापुढे मला नुसतं उभं ठेवलंस, आणि मागून सगळी कविता तूच म्हणालास. आणि जी गोष्ट मला सगळ्यात जास्त टोचते ती तुझ्या लक्षातही आली नसेल. तुझ्या स्वतःच्या टेबलाचा नियम होता. चूक सांगितल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. दर शनिवारी तू उभा राहून सांगायचास, "तेल जास्त झालं," "आच मोठी राहिली." इतक्या शनिवारांत एकदाही खरी चूक सांगितली नाहीस. शिंपीणबाईंसारखी बाई, जी माझ्या सदऱ्याचं बटण तुटलेलं दिसलं तरी चारचौघांत बोलते, तिलाही तू गप्प बसायला शिकवलंस. माझ्यामुळे ते अख्खं टेबल खोटं बोलायला लागलं. मी आंधळा नव्हतो रे, तुम्ही केलंत.

आता हे पत्र का, ते सांगतो. आज शनिवार आहे. फोन मी काल केला नाही, तुझे दोन येऊन गेले, उचलले नाहीत. तुला वाटलं असेल ढापण रुसला, येणार नाही. मी येणार आहे. गाजरं आणलीत, मुद्दाम. सकाळपासून तयारी केली, पातेलं मंद आचेवर ठेवूनच लिहायला बसलो. काय आहे ते यावेळी तुला माहीत नाही, तेव्हा दुसरं करून ठेवायची सोय नाही. हे पत्र चार वाजता तुझ्या दाराखालून सरकवेन आणि सात वाजता पातेलं घेऊन येईन. ते कुणाच्या हातात देणार नाही. गार असलं तर गार. हजेरीला पहिला तू उभा राहायचंस आणि खरी चूक सांगायची, सगळ्यांसमोर. मग मी झाकण उघडेन. खारट असेल तर खारट म्हणा, थुंका, पिंपात टाका. पण माझ्यासमोर टाका, आणि माझंच टाका. मला तुझ्या हातचं जेवण नको आहे, ढोल्या. मला नाक नाही, तर तुझं नाक हवं होतं. तेवढं मागायची वेळ तू माझ्यावर येऊच दिली नाहीस. आणि हे जमणार नसेल तर तसं सांग, मी माझी खुर्ची

थांबलो होतो. दार वाजलं. दार कसलं, कुणीतरी दोन्ही हातांनी बडवत होतं. मला वाटलं तू. उघडलं तर वरच्या मजल्यावरची ती नर्स, जिला मी आजवर फक्त पाठमोरी बघितलंय, रात्रपाळी करून दिवसा झोपणारी. केस विस्कटलेले, ओढणी नाकाला लावलेली. म्हणाली, "आजोबा, काय जाळताय? मी झोपेतून उठून आलेय. जिनाभर धूर आहे!" मी मागे वळून बघितलं तर खरंच ढोल्या, खिडकीतलं ऊन निळं झालं होतं. मी त्याच्यात बसून तुला लिहीत होतो. मी विचारलं, कसला वास येतोय? तिने माझ्याकडे नीट बघितलं, मग सावकाश म्हणाली, "गाजराचा. म्हणजे सकाळी गाजर असेल, त्याचा." आता तिने गॅस बंद केलाय, खिडक्या सताड उघडल्यात, आणि न विचारता चमचा शोधून वरवरचं, न करपलेलं, थोडंसं तोंडात घातलंय. चमचा हातात धरून ती उभी आहे आणि मला विचारतेय, "आजोबा, खरं सांगू?" मी तिला खुर्ची दिलीय आणि म्हटलंय, सांग.

अजून तरी तुझाच,
ढापण