पिस्तूल कोणासाठी

प्लेनो, टेक्सास, ५ सप्टेंबर २०२६

प्रिय आईस,

मागच्या पत्रात माझी एक चूक झाली, ती आधी दुरुस्त करते. ऑफिसच्या पार्किंगमध्ये माझ्या गाडीला टेकून उभा असलेला माणूस अनोळखी होता, असं मी लिहिलं होतं. तो अनोळखी नव्हता. तिसरीपर्यंत तू मला घरीच शिकवलंस आणि एक वाक्य खोटं निघालं तर सगळा निबंध पुन्हा लिहायला लावायचीस. ते वाक्य तेव्हापासून मला टोचतंय. फोनवर सांगितलं असतं, पण तुझा फोन कायम स्पीकरवर, आणि मी महत्त्वाचं बोलायला लागले की तू बाबांना विचारतेस गॅस बंद केला का.

गंमत म्हणजे तो कोण, हे मला कोणी विचारतच नाही. पिस्तूल कुठलं घेणार, एवढंच सगळ्यांना हवंय. शंतनूदादाने शिकागोहून एक्सेल शीट पाठवलं, मिक्सर घेताना पाठवलं होतं तसंच: वजन, लांबी, गोळ्या किती बसतात, लोकांनी किती स्टार दिले. त्याने स्वतः जन्मात पिस्तूल हातात धरलेलं नाही. "सगळ्यात छोटं घे, पर्समध्ये मावेल," हा त्याचा निकाल. मी नेमबाजीच्या रेंजवर जाऊन ते सगळ्यात छोटं चालवून पाहिलं. जितकं छोटं तितका हाताला झटका जास्त, आणि वरची स्लाइड इतकी घट्ट की मागे ओढताना माझ्या अंगठ्याचं सालटं निघालं. आणि पर्सचं काय सांगू? आपल्याकडे कुठल्याही पूजेला बायकांच्या पर्सा यजमानांच्या पलंगावर ढिगाने पडलेल्या असतात आणि पोरं चॉकलेट शोधत त्यांत हात घालतात. तिथे भरलेलं पिस्तूल ठेवू? कमरेला लावायचं तर जाड पट्टा लागतो. सलवारीच्या नाडीला अडकवलं तर सलवारच खाली येईल. माझी रूममेट शिवांगी म्हणाली, "यार, साडीवर आजीचा कंबरपट्टा घाल की." ती हसली. मला हसू आलं नाही. शेवटी थोडं मोठं एक पसंत केलं. हातात नीट बसतं, नेम लागतो, सैल कुर्त्याखाली दिसत नाही. इथे परवाना सक्तीचा नसताना मी क्लास करून तोही काढला. आणि मग कळलं की ऑफिसात शस्त्र न्यायला मनाई आहे. ते गाडीतच कुलपात ठेवायचं. म्हणजे ऑफिसच्या दारापासून गाडीपर्यंत मी रिकाम्या हाताने चालणार. तो उभा असतो तो नेमका तिथेच.

तो ईशान आहे. तुमच्या शेजारच्या वीणाकाकूंचा ईशान.

दोन वर्षांपूर्वी त्याचं स्थळ आलं तेव्हा मी तुला स्वच्छ नाही म्हटलं होतं. तू काकूंना काय सांगितलंस? मुलीचं आश्लेषा नक्षत्र, सासूला वाईट, आमचा जीव धजत नाही. शेजारही राखलास, नकारही द्यावा लागला नाही. जानेवारीत त्याने इकडे डॅलसला नोकरी घेतली आणि भटजी गाठून माझ्या नावाने नक्षत्रशांती करून घेतली. पार्किंगमध्ये त्याच्या हातात त्या शांतीच्या प्रसादाचा डबा होता. म्हणाला, "काकूंची अडचण मिटली, आता तू कशाला भाव खातेस?" मी नाही म्हटलं. तर म्हणे, "तुझ्या आईने कधी नाही म्हटलेलं नाही." तेव्हापासून तो येतोच आहे. मंगळवारी माझ्या नव्या घराच्या दारात उभा होता. तो पत्ता मी फक्त तुला दिला होता, आई.

रेंजवर कागदाचा माणूस सात यार्डांवर, म्हणजे वीसेक फुटांवर, टांगतात. माझ्या गोळ्या बरोबर छातीत लागल्या, शिकवणाऱ्या बाईंनी पाठ थोपटली, आणि मी बाथरूममध्ये जाऊन ओकले. तेवढ्या अंतरावरून माणसाच्या चष्म्यावरचे डागसुद्धा दिसतात. ईशानला चष्मा आहे.

पिस्तूल मी घेईनही. पण ते झाडायची वेळ येण्याआधी त्याला माझ्यापासून लांब ठेवायचा कोर्टाचा आदेश मला हवा आहे. वकीलबाई म्हणतात, मुलाला नकार कळवला होता का, हे तिथे विचारणारच. म्हणून हे पत्र, कुरियरने. मुलीने तेव्हाच नकार दिला होता, नक्षत्र ही माझी सबब होती, एवढं तुझ्या अक्षरात लिहून, सही करून त्याचा फोटो लगेच पाठव. सणाच्या तोंडावर कशाला, असं म्हणू नकोस. अर्ज द्यायच्या दिवशी गणेश चतुर्थी आहे आणि तू वीणाकाकूंकडे मोदक वळायला जाणार आहेस, हे मला माहीत आहे. तुझा कागद आला तर त्याच्यासकट, नाही आला तर त्याच्याशिवाय, मी अर्ज देणार आहे सोमवारी, चौदा सप्टेंबरला, सकाळी कोर्ट उघडताच.

तुझीच,
आश्लेषा