मागच्या डाव्या स्पीकरातला आवाज

५ जानेवारी, सोमवार
कपाट आवरताना डीव्हीडी सापडली. देवीच्या देवळातलं नवरात्रातलं भजन, चौदा वर्षांमागचं. वर बापू शूटिंगवाल्याचं अक्षर : ‘सहा स्पीकरचा आवाज’. सुलोचना त्यात आहे. मागं, बायकांत. म्हणजे तिचा आवाजही असणार. लेकीच्या, विद्याच्या लग्नाची कॅसेट बुरशीनं गेली, तेव्हापासून घरात तो कुठंच शिल्लक नाही असं धरून चाललो होतो.
सु.ला सांगितलं नाही. आधी बघू.

६ जाने.
विद्यानं दिलेल्या लॅपटॉपला डीव्हीडी घालायची सोयच नाही. कळंबहून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. डिस्क दोनदा अडकली. धोतराच्या फडक्यानं पुसली, चालली.
सु. दिसते. हिरवं पातळ, डोईवर पदर, हातात टाळ. ओठ हलतात. ऐकू येतात ते बुवा, पेटी, मृदंग. बायका म्हणजे लांबच्या शाळेत पाढे चालल्यागत.
तेवढाच तुकडा वीसेक वेळा पाहिला. ओठ हलतात आणि आवाज येत नाही. ते तर रोजचंच आहे.

८ जाने.
बापूला फोन. तो आता तेरखेड्याला मोबाईलचं दुकान चालवतो. शूटिंग सोडलं.
‘अण्णा, लई हौसेनं केली होती ती डीव्हीडी. एक माईक बुवांपुढं, दोन पेटी-मृदंगाला, अन् मागं बायकांत खांबांना दोन बांधले होते. तुमच्या लॅपटॉपला स्पीकर दोनच. मागचं सगळं पुढच्याखाली दबतंय.’
‘मग?’
‘सगळे आवाज वेगवेगळे काढायचे. सहा फायली निघतात. मागच्या दोन ऐका.’
‘निघतंय का पण?’
‘निघतंय की. दम धरावा लागतो.’
डेपोत बत्तीस वर्षं इंजिनं खोलली. हेही खोलू.

१० जाने., शनिवार
सकाळभर बसलो. बापूनं सांगितलेलं सॉफ्टवेअर उतरवलं, डिस्क कॉपी केली, आवाज वेगळा काढला. फायली दोनच निघाल्या. दोन्हीत बुवा.
बापूनं कव्हरवर उगाच लिहिलं असावं. जेवायची इच्छा नव्हती.
सु.नं पाटी पुढं धरली : ‘काय बिघडलंय?’
काही नाही म्हणालो.
दोन वर्षं झाली पाटीला. सोलापूरला ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं. गळ्याला लावून बोलायचं यंत्र दिलं होतं. तिनं एकदाच लावलं. जो घरघर आवाज निघाला तो ऐकून यंत्र डब्यात घातलं, डबा माळ्यावर. तिचं तिला. मी काय बोलणार.

१२ जाने., सोमवार
बापू हसला. ‘अण्णा, त्या डिस्कवर आवाजाचे दोन ट्रॅक हायेत. पहिला साधा, टीव्हीसाठी. तुमी तोच घेतला. दुसरा घ्या.’
दुसरा घेतला. सहा फायली!
पहिली पेटी. दुसरी मृदंग. तिसरी नुसते बुवा. चौथीत धप धप, बाकी काही नाही. जाड आवाजाची असते म्हणे.
पाचवी लावली. मागची डावी.
आधी बांगड्या. कुणाचं तरी लेकरू रडतंय. टाळ. मग बायकांनी उचललं आणि त्यांच्या अर्धी मात्रा आधी एक आवाज.
सु. कायम आधी उचलायची. मी चिडवायचो, तुझी गाडी सिग्नलच्या आधी सुटते.
खांबाला, तिच्या डोक्याशीच माईक असणार. श्वास घेतलेलासुद्धा ऐकू येतो. नाकातून घेतलेला. आता ती श्वास गळ्यातल्या भोकातून घेते. त्यावर पांढरं फडकं.
हेडफोन काढून अंगणात गेलो. ती तूर पाखडत होती. माझ्याकडं बघून भुवया उंचावल्या. काय?
परत आत आलो.

१३ जाने., भोगी
सगळी फाईल ऐकली. एक तास दहा मिनिटं. दोन भजनांच्या मधे बायका बोलतात. ‘आमच्या ह्यांना बिनसाखरेचा चहा द्या गं.’ हे सु.चं बोलणं. पाच-सहा वेळा ऐकलं. हसू आलं.
त्याच्या पुढं कमलचा आवाज. कमल म्हणजे शेजारची, सु.ची भजनातली जोडीदारीण.
‘बुवा म्हणत होते, सुलोचनेला पुढं बसवा, चाल तिनं सांगायची. मग बसली का न्हाईस?’
‘घरी विचारलं होतं.’
‘मग?’
‘नको म्हणले.’
आणि सु. हसली. हसणं कसलं होतं ते कळत नाही. लगेच टाळ सुरू.

मला आठवतच नव्हतं. शप्पथ. आता आठवतंय. दारात सायकल पुसत होतो. तिनं विचारलं, मी मान वर न करता म्हणालो, नको, पुढं बसून कशाला दाखवायचंय. एवढंच. सायकल पुसून कामावर गेलो.

१४ जाने., संक्रांत
कमल तिळगूळ घेऊन आली. ‘भावजी, गोड बोला.’
तिच्याकडं बघवेना. दोघी ओट्यावर बसल्या. कमल बोलते, सु. हातानं. हसताना सु.चे खांदे हलतात, आवाज नाही.

१६ जाने.
दोन दिवस हेच. पाचवी फाईल दोन्ही स्पीकरांना पुढं घेतली, मोठी केली. बुवा मागं टाकले, पेटी थोडी ठेवली. बांगड्यांचा खणखणाट जमेल तेवढा कमी केला. आता सु. पुढं आहे.
मधलं बोलणं कापलं. चहाचं ठेवलं. कमलचं कापलं.
तिला कशाला त्रास, असं स्वतःला सांगितलं. खरं काय ते माहीत आहे.

१८ जाने., रविवार
दुपारी सु.ला बसवलं. म्हणालो, ऐक.
पहिली ओळ आली तशी तिचा हात गळ्याकडं गेला. फडक्यावर बोटं ठेवून बसली. डोळे मिटलेले. मला वाटलं बंद करावं. केलं नाही. पुढं तिचे ओठ हलायला लागले. अर्धी मात्रा आधी.
चहाचं वाक्य आलं, तिनं माझ्या दंडावर चापट मारली.
संपल्यावर तिनं पाटी घेतली.
‘माझा आवाज एवढा बारीक होता?’
म्हणालो, चांगला होता.
तिनं पुसून दुसरं लिहिलं. ‘चहानंतर काहीतरी कापलंय. कमल आणि मी बोलत होतो.’
चौदा वर्षांमागचं. हिला ध्यानात आहे.

१९ जाने.
न कापलेली फाईल लावून दिली. खोलीत थांबलो नाही. हायवेपर्यंत चालत गेलो, ट्रक बघत उभा राहिलो. कळंबची गाडी आली, गेली. परत आलो तर लॅपटॉप बंद. ती भाकरी थापत होती. पाटी कट्ट्यावर.
‘तेव्हा नको का म्हणालात?’

२१ जाने.
अजून विचारते. म्हणजे विचारत नाही, पाटी पुसत नाही. दुसरं काही सांगायचं झालं तर जुन्या वहीच्या पानावर लिहिते. मीठ आणा. विद्याला फोन लावा.
काल दुपारी तिनं स्वतः ते भजन लावलं. कसं लावायचं ते कधी बघून घेतलं कोण जाणे. मी बाहेर बाजेवर. एक भजन तीनदा झालं.
लोक काय म्हणतील म्हणून? तेवढंच नसावं. ती गायला लागली की सगळे तिच्याकडं बघायचे. मलाही बघायचं असायचं. पण सगळ्यांत बसून नव्हे.
हे असं तिला सांगता येईल का.

२३ जाने., शुक्रवार
कमल आली होती. भजन तिच्या घरापर्यंत ऐकू गेलं होतं. देवळात लावायला ते हवंय, बायका मागतायत. सु.नं माझ्याकडं बोट केलं. म्हणजे मी ठरवायचं?
‘तूच सांग,’ म्हणालो. ‘तुझा आवाज आहे.’
सु. कमलकडं बघून नुसतं थांब म्हणाली, हातानं. कमल गेली.
मग मी बोलायला लागलो. सुलोचना, त्या दिवशी…
तिनं हात वर केला. आत जाऊन पाटी आणली. तिचा प्रश्न वरच्या अंगाला, खाली अर्धी जागा मोकळी. खडू माझ्या हातात दिला.
म्हणालो, अगं मला बोलता येतंय की.
तिनं मान हलवली आणि समोर बसून राहिली.
‘मला’ एवढं लिहिलंय. ती वाट बघतीय.