पुष्पीच्या फोनची चार्जिंग

२ फेब्रुवारी, रविवार

सगळ्यात आधी आली ते शेजारची विमलताई! आम्ही अजून गाद्या उतरवून राह्यलो, अन् बाई पोह्याचं ताट घेऊन दारात. डोये मात्र आमच्या सामानावर. तिच्यामागं तिची सून जया. विमलताईनं विचारलं, तांड्यावरच्या म्हातारीले लोहाऱ्यात कसं करमन? म्या म्हटलं, नाई करमलं तर तुमचंच डोकं खाईन. लय हासली. बाई चांगली हाये, फक्त नाक जरा दुसऱ्याच्या घरात असते.

माह्या पोरानं, सुनीलनं, हे घर आत्ताच बांधलं. रांधायच्या खोलीले पोपटी रंग देल्ला. त्याचं काम इथल्याच कारखान्यात. मी अन् नात खुशी आता कायमच्या इथं. खुशी माह्या लेकीची, पुष्पीची पोरगी. पुष्पी दोन वर्साआधी तापानं गेली, हे घर पायलं नाई तिनं. तिचा फोन मीच वापरतो. त्यात तिनं खुशीसाठी म्हटलेली गाणी हायेत. रोज एक आयकतो अन् मंग दोघी झोपतो.

मी तिसरी शिकलेली. खुशी म्हणते, आजी रोज लिहीत जाय, अक्षर सुधरते. म्हणून हे.

५ फेब्रुवारी, बुधवार

सुनीलनं फोनले अपडेट देल्लं. म्हणे आता नवा होते. नवा कायचा! सकाळी पूर्ण भरला, अन् वांग्याले फोडणी देईपर्यंत लाल. उपाशी बैलानं कडबा खाल्ल्यावानी चार्जिंग खाते. सुनील म्हणे, अपडेटनंतर दोन-चार दिवस असंच राह्यते, फोन आतल्या आत मांडामांड करते. पडद्याचा उजेड कमी केला, लोकेशन बंद केलं. विमलताईनं सल्ला देल्ला का फ्रीजमधी ठेवा. म्या म्हटलं, मंग कोथिंबीर बोलाले लागन.

८ फेब्रुवारी, शनिवार

खुशीले घेऊन दत्त चौकात नयनच्या मोबाईलच्या दुकानात गेलती. पोरगा हुशार हाये, पण बोलतांना डोकं वर करत नाई. कोण किती बॅटरी खाते ते त्यानं काढून दाखवलं. सगळ्यात वर रेकॉर्डर, आवाज भरून ठेवणारा. रोज दुपारीच चालते. नयननं विचारलं, दुपारी तुमच्या घरी कोण बोलते एवढं? म्या सांगतलं, दुपारी मी एकटीच, अन् मी झोपलेली असतो. तो म्हणे घोरत असान. चावट!

त्यानं रेकॉर्डर बंद केला, बॅटरीही बदलली. तरी नाई जमलं तर सगळं पुसून फोन कोरा करा लागन म्हणे. म्या म्हटलं, पुष्पीची गाणी? त्यानं ती दुसरीकडं उतरवून पायली. उतरली ते नुसती खरखर. गाणी ह्याच फोनमधी वाजतात. मंग राहू दे म्हटलं. चार्जिंग गेली तर गेली, लेक पुसाची नाई.

१० फेब्रुवारी, सोमवार

खुशीले ताप हाये. शाळेत नाई गेली. फोनही तिच्यावानीच गरम.

बंद केलेला रेकॉर्डर चालूच होता. त्यात कालच्या दुपारचं काही भरलेलं. लावलं.

पुष्पी होती.

आमच्या तांड्यावर बाया लय दिवसांनी भेटल्या का गळ्यात पडून गात रडतात. कोण गेलं, कोण आलं, सारं त्या रडण्यात सांगतात. तशीच रडून राह्यली होती माही लेक. म्हणत होती, याडी (आमच्यात आईले याडी म्हणतात), पोपटी भिंतीपाशी बसून वाट पाह्यतो, तू झोपूनच राह्यतं.

पोपटी भिंत. तिले कोणं सांगतलं?

पण तवा हे सुचलंच नाई. आईचा जीव. कोणी असं रडत भेटलं का आपणही रडून उत्तर द्याचं, नाईतर भेट पुरी होत नाई. म्या फोन छातीशी धरला अन् गात रडली. अन् पाहुण्याले विचारतात तसं विचारलं, आता परत कधी येशीन?

एवढा आनंद झाला मले. एवढा.

११ फेब्रुवारी, मंगळवार

उत्तर आलं. आज दुपारचं, रेकॉर्डरमधी. खुशीले घ्याले येतो म्हणते. दिवसही सांगतला. तो मी लिहीत नाई.

डॉक्टरची गोळी लागून नाई राह्यली. खुशी उठली अन् म्हणाली, आईनं पिवळा फ्रॉक काढून ठेवाले सांगतला.

विमलताईले पोरीजवळ बसवलं अन् पळत नयनकडं गेली. पुस म्हटलं. सगळं पुस. त्यानं दोनदा विचारलं, आजी, नक्की ना? त्यानं बटन दाबलं तवा म्या तोंडात पदर कोंबला. माही लेक दुसऱ्यांदा—

घरी आली तं ताप उतरलेला. खुशीनं खिचडी खाल्ली. विमलताईनं माह्या पाठीवर हात फिरवला. फोन भरलेला हाये, कमीच होत नाई. कोरा. आज गाणं नाई.

१२

फोन बंद करून पिठाच्या डब्यात ठेवला.

दुपार. सुनील कामावर. विमलताईले हाका मारल्या, ओ देत नाई—

कोणीतरी गात रडून राह्यलं. डब्यातून नाई. दाराबाहेरून—

खुशी उठली. फ्रॉक घालून राह्यली. म्या हात धरला तं—केवढी गरम—

मीच विचारलं तिले, कधी येशीन. मीच. आमच्या घरी पाहुण्यानं सांगतलेला दिवस मोडत नाई—

उत्तर नाई द्याचं आता. रडाचं नाई. पण माहा गळा आपोआप—

दिवस सांगतला होता तिनं, बुध