तैलचित्रातले तुझे हात

आई, काल अमरावतीला जाऊन तुला पाहून आले.

बाबा अकोल्यात तैलचित्रं काढायचे तेव्हा मोठ्या घरच्या बायका परक्या पुरुषासमोर तासन्‌तास बसत नसत. चेहऱ्यासाठी लग्नातला फोटो यायचा आणि अंगासाठी बसायचीस तू. शालू त्यांचा, दागिने त्यांचे, आणि दागिन्यांवर लक्ष ठेवायला दारात त्यांचीच मोलकरीण. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उजेड चांगला, म्हणून बाबा तुला तिथेच स्टुलावर बसवतात. "हात सैल सोड. त्या बाया काई काम नाई करत," ते म्हणतात. तू चिडतेस. "रिकामा हात कसा ठेवतात, मले नाई जमत. भाजी करपून राहिली तिकडे." शेवटी त्यांनी तुझ्या बोटांत रुमाल दिला, तर तू नकळत त्याची घडीच घालायला लागलीस. मला हसू आलं आणि ओरडा मात्र मलाच बसला.

खानदानी बाई म्हणजे गोरी, भरल्या अंगाची, एक हात खुर्चीवर टेकलेला, हा बाबांचा ठरलेला साचा. तुझे काळेसावळे हातही त्यांनी गोरेपान करून टाकले. पण बंडीच्या चाकात सापडून वाकडी झालेली तुझी करंगळी त्यांनी सरळ केली नाही. राहून गेली की मुद्दाम ठेवली, कोण जाणे. तुझा एकही फोटो माझ्याकडे नाही. अमरावतीच्या एका घरी ते चित्र अजून भिंतीवर आहे असं कळलं, म्हणून गेले.

त्या घरची नात माझ्याहून लहान, मोकळ्या स्वभावाची. चहा झाल्यावर तिनेच करंगळी दाखवली. "सतार वाजवू वाजवू आजीचं बोट वाकडं झालं, असं आमच्याकडे सारेच सांगतात." गप्प राहायचं ठरवून गेले होते, पण तोंडून निघूनच गेलं, "ते हात माझ्या आईचे आहेत." मग सगळंच सांगितलं.

ती उठून चित्राजवळ गेली. मग म्हणाली, "म्हणजे परीक्षेले जाताना मी तुमच्या आईच्या पाया पडत होती."

मायेनेच म्हणाली गं ती. मला बरं वाटायला हवं होतं, वाटलंही. पण हे पत्र कुठे जायचं नाही म्हणून सांगते, इतकी वर्षं तू तिच्या भिंतीवर होतीस, याचा मला हेवा वाटला.