बारवेपर्यंत आणि परत

४ ऑक्टोबर २०१७, बुधवार
शुगर दोनशे अडुसष्ट. डॉ. मतीन म्हणाले, रोज चार किलोमीटर चाला, नाहीतर दिवाळीनंतर इन्शुलिन. मला सुईची भीती वाटत नाही. फक्त तो विषय नको वाटतो.
संध्याकाळी रूट ठरवला. दुकान, गढीचा बुरूज, वीरगळ, बारव आणि परत. बरोबर चार किलोमीटर. व्यायाम आणि इतिहास एकत्र. पुढे 'हेरिटेज वॉक' म्हणून पत्रक छापता येईल. बारवेच्या अलीकडे वच्छलाबाईंची दोन एकर कपाशी लागते. बियाणं आमच्याच कृषी केंद्राचं, बीटी. पीकही बघून होईल.

५ ऑक्टोबर, सकाळी ६.१०
बुरुजापर्यंत पोचलो. तिथं वहाबभाई उभे, हातात बोंड. माझ्यासमोर फोडलं. आत गुलाबी अळी. "बीटीले अळी लागतच नाही म्हने ना तुमी?" असं चारचौघांत विचारलं. चारचौघं म्हणजे त्यांचे दोन बैल, पण तरी.
मी हवामानावर बोललो. 'सहसा लागत नाही' असं म्हणालो होतो, हेही सांगितलं. 'सहसा' म्हणालो नसेन, पण अर्थ तोच होता. बूट चावत होता म्हणून परत फिरलो.

८ ऑक्टोबर
बुरूज रद्द. नीट पाहिलं तर नुसता मातीचा ढिगारा आहे. थेट वीरगळाकडे गेलो. वीरगळाच्या पायाशी कोणीतरी किडकी बोंडं मांडून ठेवली होती, फुलं वाहावीत तशी. माझ्यासाठीच असतील असं समजायचं कारण नाही. तरी परत फिरलो. आता बारव तेवढी राहिली, ती उद्या.

९ ऑक्टोबर
उद्या.

१२ ऑक्टोबर
दुकानातच खताच्या पोत्यांभोवती चाळीस फेऱ्या. चालणं ते चालणं. अन्नपूर्णा म्हणाली, घाण्याला जुंपल्यासारखे काय फिरता? बायकोला व्यायामातलं कळत नाही.
वच्छलाबाई येऊन गेल्या. मी गोडाउनमध्ये स्टॉक बघत होतो. अन्नपूर्णा सांगते, त्या भांडल्या नाहीत. अर्धा तास बसल्या, पाणी प्यायल्या, "भाऊले सांगजो, येऊन गेली" म्हणाल्या आणि गेल्या. हे मला आवडलं नाही. माणसानं सरळ भांडावं.

१५ ऑक्टोबर, पहाटे ५.१५
मफलर, माकडटोपी, अंधार. प्लॅन पक्का. पहिल्याच वळणावर कारभारी पाटील: "रामराम उत्तमभाऊ! थोबाड काऊन झाकून राह्यले?" दात दुखतो म्हणालो. मग खरंच दुखायला लागला. परत.

२४ ऑक्टोबर
चावडीवर कृषी सहायकाची मीटिंग. म्हणे, बीटीच्या पाकिटासोबत साध्या कपाशीची बारकी पुडी येते, ती कडेनं लावायचीच असते. नाहीतर अळीला बीटीची सवय होते आणि मग ती बीटीही खाते. मी मागच्या खुर्चीवर होतो. आवाज नीट येत नव्हता.
जूनमध्ये वच्छलाबाईंनी काउंटरवर विचारलं होतं, "भाऊ, हे पुडी कायची?" मी म्हणालो, फेकून द्या, उगाच जागा अडवते. गर्दीचा दिवस होता. आणि सगळेच दुकानदार तसंच सांगत होते.
आता अळी त्या एका पुडीनं आली असं थोडंच आहे!

३ नोव्हेंबर
शुगर दोनशे ब्याण्णव. डॉ. मतीन यांनी विचारलं, चालता ना? मी म्हणालो, नियमित. त्यांनी बुटांकडे पाहिलं. सोल कोरे करकरीत. सोमवारी सुई घ्यायला या म्हणाले.

५ नोव्हेंबर, रविवार
आज बारव गाठायचीच म्हणून निघालो. वच्छलाबाई बांधावरच होत्या. लपायला झाड नव्हतं.
मला वाटलं, आता शिव्या. त्या म्हणाल्या, "या भाऊ. पऱ्हाटी पाहाले आले ना? चाला." आणि एकेका ओळीतून फिरवलं. पहिल्या ओळीत मी बोंडं फोडून बघितली. तिसऱ्या ओळीनंतर फोडवेना. त्या फोडत राहिल्या, मला दाखवत राहिल्या. एकही चांगलं निघालं नाही. दोन एकरांतली एकही ओळ सोडली नाही बाईनं. मी हवामानाबद्दल काही बोललो नाही.
शेवटी बांधावरचा बिस्किटाचा डबा उघडला. आत चार बारक्या पुड्या, जशाच्या तशा.
"तुमी फेकाले सांगतलं होतं. बियानं फेकाले माहा जीव नाही झाला. आता पेरू काय?"
एकवीस वर्षं दुकानात बसतोय. लाज वाटली, खूप. उशीर झाला, एवढंच म्हणालो.
"मंग तुमचं तुमी घेऊन जा," म्हणाल्या.
बारव राहिलीच. मोबाइलवर सात हजार एकशे पावलं. टार्गेटपेक्षा जास्त.
पुड्या इथं टेबलावर आहेत. दोनदा उठून कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेलो. फेकवत नाहीत.