दहा मीटर पुढे पडलेलं पाणी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? डोळ्यांत थेंब घालतेस ना? (नसशीलच घालत. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना शिस्त लावणाऱ्या बाईला शिस्त लावायची कुणी?)

पत्रास कारण की, सत्तेचाळिसाव्या वर्षी भौतिकशास्त्राने मला पुन्हा गाठलंय. आमच्या अग्निशमन दलात बढतीची परीक्षा आहे आणि तिच्यात फेकलेल्या वस्तूच्या गतीची गणितं. वीस वर्षं पाइप धरून आगी विझवल्या, पाणी कुठे पडेल हे कधी कागदाला विचारलं नाही. आता कागदच मला विचारतोय. अकरावीला तुझ्याच वर्गात मी याच धड्यावर आपटलो होतो. (सख्ख्या भावाला दोन मार्क वाढवले नाहीस. पण त्या दिवशी जेवताना गुपचूप माझ्या शेजारी येऊन बसलीस.)

तर सूत्र घोकलं. कोन पंचेचाळीस अंश असला की वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वाकर्षण. वेग सेकंदाला वीस मीटर, गुरुत्वाकर्षण दहा, म्हणजे पाणी पडणार चाळीस मीटरवर. सरावाच्या दिवशी छाती फुगवून चाळीस मीटरवर पिंप ठेवायला लावलं, बारा मीटर उंच मनोऱ्यावर चढलो, कोन मोजला आणि पाणी सोडलं. ते पिंपावरून ऐटीत पुढे गेलं आणि जवळजवळ दहा मीटर पलीकडे, खुर्ची टाकून बसलेल्या साहेबांच्या डोक्यावर उतरलं. साहेब निथळत उठले. ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "सूत्र जमिनीवरून फेकलेल्याचं आहे. तुम्ही कुठे उभे आहात?"

खाली मान घालून घरी आलो आणि गणित पहिल्यापासून मांडलं. उभा वेग वेगळा, आडवा वेगळा. तेव्हा कळलं की पाणी कमानीच्या माथ्यावर पोचल्यावर उभा वेग शून्य होतो, पण आडव्याला त्याचा पत्ताही नसतो. तो आपला पुढे चाललेलाच असतो. हे तू फळ्यावर लिहिलं असणारच, मीच खिडकीबाहेर बघत असेन. ताई, भावोजी गेल्यापासून तू शिकवणं सोडलंस, फोनही उचलत नाहीस. वही मिटून बराच वेळ तुझाच विचार करत बसलो होतो. (हे लिहायचं नव्हतं. पण खोडत नाही, खाडाखोडीचे तू मार्क कापतेस.)

तेव्हा परीक्षेआधी आठवडाभर ये आणि मला शिकव. या वयाच्या ठोंब्याला दुसरं कोण वर्गात घेणार?

तुझा,
नापास भाऊ

ता. क. हिने पत्र वाचलं आणि मला खोटारडा म्हणाली. म्हणून खरं सांगतो. परीक्षा गेल्या सोमवारीच झाली. मनोऱ्याचंच गणित आलं होतं. पास झालो.

आणखी एक ता. क. तरीही ये. शनिवारी सकाळी न्यायला येतोय. बॅग भरून ठेव, नाहीतर मी भरीन, आणि मी साड्यांच्या घड्या कशा घालतो ते तुला ठाऊक आहे.